आवर्तन

रात्री एक वाजून दहा. स्ट्रेचरवरून सरकवून
आम्ही त्याला मशीनच्या जिभेवर ठेवला.
उत्तरेश्वर लोमटे, वय चोवीस, मुक्काम सदाशिव पेठ.
अभ्यासिकेतल्या बासष्ट नंबरच्या खुर्चीवरून
डोकं धरून खाली आलेला.
तळहातावर बॉलपेनने त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर.
घटनादुरुस्त्या, सोबतचा मुलगा म्हणाला.
सोबत तिघे, आणि एकाच्या हातात याच्या चपला.

दाराबाहेर तांबडा दिवा लावला.
आमच्या पडद्यावर रक्त तांबडं नसतं.
नुकतं सांडलेलं पांढरं दिसतं.
उजवीकडे, कानाच्या वर, लिंबाएवढं.
अकरा वर्षं हे काम करते,
अजून हात क्षणभर थबकतो.
इतकं पांढरं. इतकं स्वच्छ.

डॉ. आपटीकर घरून आल्या,
चष्मा डोक्यावर आणि तोच शोधत.
म्हणाल्या, हे रक्तदाबाचं वय नाही, रक्तवाहिन्या बघू.

मग जांघेतून एक बारीक नळी
वर, वर, मानेपर्यंत,
आणि औषधाची एक पिचकारी.
एक. रोहिणी काळी उमटली.
दोन. आणि तिथेच गुंता,
शिलाई मशीनच्या बॉबिनखाली दोरा गोळा होतो तसा,
आणि त्या गुंत्यातून सरळ
नीला भरली.
दोनलाच.
तिची पाळी सहाला होती.

माझे वडील मुठेच्या उजव्या कालव्यावर पाटकरी होते,
लोणीच्या शिवारात.
खडकवासल्याहून पाणी सुटलं की
कालवा, वितरिका, चारी, पोटचारी,
आणि शेवटी वीतभर रुंद दांड,
जिथे पाण्याच्या पुढे मुंगी चालते.
पाण्याला दमवायचं, ते म्हणत,
दमलेलं पाणीच मुळाला लागतं.
आवर्तनाच्या वहीत कुणाची पाळी किती तास
हे त्यांच्या तिरक्या अक्षरात.
पाळी मोडून कुणी थेट कालव्याला पाइप लावला
की बॅटरी घेऊन रात्रीच निघायचे.
भांडायला नाही.
खालचा भराव तपासायला.

या मुलाच्या डोक्यात, तेवढ्याच जागी,
पोटचाऱ्या नाहीत.
जन्माच्या आधीच कुणी पाइप जोडलाय
आणि चोवीस वर्षं एक पातळ भिंत
ते पाणी अंगावर घेत उभी.
बारावी, टेनिस बॉलचं क्रिकेट,
एसटीच्या मागच्या सीटवरचे धक्के, दोन पूर्वपरीक्षा.
दांडेकर पुलाशी कालवा फुटला तेव्हा
कुणी उंदीर म्हणालं, कुणी खेकडे.
वडील टीव्हीसमोर बसून एवढंच म्हणाले,
भिंत काही एका दिवसात जात नसते.

बाहेर एकाचा फोन वाजला.
बाप बसमध्ये, टेंभुर्णी सोडलेली.
फोन माझ्या कानाशी आला.
ताई, लई वाचल्यानं झालं का हे?
रिपोर्ट सांगायचा मला अधिकार नाही.
मी म्हणाले, नाही. वाचल्याने नाही.
पलीकडे बराच वेळ नुसतं इंजिन.
मग, मीच म्हणायचो त्याला, वाच म्हणून.

आत मॅडम म्हणाल्या, मागे घे.
मी चित्र मागे घेतलं.
एक, दोन. परत. एक, दोन.
त्या गुंत्यावर आम्हा दोघींची नजर,
आणि कडेला उरलेला मेंदू
चार, पाच, सहा,
आपापल्या वेळेला भरत होता,
कुणाची पाळी न मोडता,
शेजारी काय झालं याची बातमीच न पोचलेली.

सकाळी डिंक घालून ते तोंड बुजवता येतं का बघणार होते.
येतं. कधी अर्धंच येतं.

चपलावाला मुलगा अजून दारात उभा.
या कुठे ठेवू, त्याने विचारलं.
कोपऱ्यात रॅक होता.
मी म्हटलं, राहू दे तुझ्याकडेच.